म्हस्कूआप्पांचे फुटाणे

आमचे आप्पा गुळव्या आहेत. यवतच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की बबनरावांचं गुऱ्हाळ लागतं, तिथल्या काहिलीवर ते सत्तावीस वर्षं उभे आहेत. नाव म्हस्कू, पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. मालकापासून उसाची चिपाडं वाळवणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांचे ते आप्पाच. उकळत्या रसाचा गूळ व्हायची वेळ कधी आली, हे गुळव्यालाच कळतं. दोन मिनिटं आधी उतरवलं तर ढेप बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर करपते. त्या दोन मिनिटांवर आमच्या आप्पांचा सगळा रुबाब. घरात मात्र स्वतःचा चष्मा सापडत नाही.

काहील ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. खोलीएवढी रुंद, उथळ कढई, चुलाणावर जमिनीच्या पातळीत बसवलेली. काठ घोट्याच्या फारसा वर येत नाही. आत रस फेस काढत उकळत असतो आणि माणसं त्या काठानं अनवाणी फिरतात. सांडलेल्या रसानं जमीन निसरडी झालेली असते. मी चौथीत होते तेव्हा आप्पा दुसऱ्या एका गुऱ्हाळावर मदतीला गेले होते, तिथं त्यांचे जोडीदार म्हाळूकाका असेच घसरून आत गेले. आप्पांनीच त्यांना ओढून काढलं. काका तीन दिवस जगले. त्यानंतर आमच्या घरात म्हाळूकाकांचं नाव कुणी काढलं नाही.

मी माया, त्यांची एकुलती एक. रांजणगावच्या एका कंपनीत तीन वर्षं होते, कारेगावात खोली घेऊन. आलेल्या मालातले खराब नग शोधून बाजूला टाकायचे, एवढंच काम. तीन वर्षं नुसते दोष शोधून माझा स्वभावच तसा झालाय. आई म्हणते, हिला देवळात नेली तर हिला कळस वाकडा दिसेल. गेल्या दिवाळीनंतर कंत्राट संपलं, तेव्हा न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीत बोचकं टाकलं आणि घरी आले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आप्पांचा डबा घेऊन गुऱ्हाळावर गेले आणि मला पहिला दोष दिसला. आप्पांच्या हातातला मळी काढायचा झारा काहिलीच्या काठावर टकटक वाजत होता. ते वाजवत नव्हते, त्यांचा हात कापत होता. चुलाणापाशी घाम सगळ्यांनाच येतो, पण आप्पांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ हलत होते. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी पातेल्यातली काकवी पेलाभर घेतली, उभ्या उभ्या घटाघटा प्यायली आणि दहा मिनिटांत गडी ताठ. माझा जीव भांड्यात पडला. तासा-दीड तासानं झारा पुन्हा वाजायला लागला. या वेळी जास्त जोरात.

"काय होतंय आप्पा?"

"काय न्हाई. झळ लागती."

झळ सत्तावीस वर्षं लागत होती, हात आत्ताच कसा कापायला लागला? घरी येऊन आईला धारेवर धरलं, तर आमच्या मातोश्री विठाबाईंना सगळं ठाऊक होतं! दोन वर्षांपासून! कुणीतरी करणी केलीय असं तिच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून काहिलीच्या खांबाला लिंबू-मिरची बांधून मोकळी झाली होती. गुऱ्हाळावरची माणसं तर मागं म्हणायची की आप्पा प्यायला लागलेत. ज्या माणसानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, त्याच्याबद्दल!

खरं काय ते आप्पांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. दुपारी चिपाडाच्या गंजीच्या सावलीत बसलो होतो. खाली बघत म्हणाले, "माया, म्हाळू बोलवतुय मला."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"अकरा वाजलं की अंगातनं कायतरी निघून जातंय बघ. छाती धडाधडा उडती, डोळ्याम्होरं अंधारी येती, आन् काहिलीकडं कुणी वढल्यावानी व्हतंय. त्याला काढताना त्याचा हात माझ्या हातात व्हता. तसाच कापत व्हता."

"मग उभे कशाला राहता तिथं?"

"दुसरं काय येतंय मला?"

त्या दिवसापासून महिनोन्महिने तेच. सकाळी उठले की आधी काहील डोळ्यांसमोर यायची. आप्पा निघताना चप्पल शोधायला वाकले तरी वाटायचं, हेच शेवटचं वाकणं.

त्यांना दौंडला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला चार दिवस भांडावं लागलं. रक्त तपासलं, उपाशीपोटी आणि खाल्ल्यावरही. मग बाईंनी विचारलं, "सकाळपासून काय काय खाता ते सांगा." आप्पांनी इमानदारीत सांगितलं. उठल्यावर गुळाचा चहा, गुऱ्हाळावर गेल्या गेल्या पेलाभर गरम काकवी, मग पुन्हा चहा, प्रत्येक आधणाला चाखायला गुळाची गोळी, हात कापला की काकवी. एका काहिलीचा गूळ उतरला की एक आधण झालं, आणि अशी दिवसाला सात-आठ आधणं. जेवण दुपारी दोनला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आप्पा, तुम्हाला गोड सोसत नाही. रिकाम्या पोटी गोड गेलं की रक्तातली साखर भसकन चढते. शरीर घाबरतं आणि तिला खाली ओढतं, ते गरजेपेक्षा जास्तच. मग हात कापतात, घाम येतो, अंधारी येते. तुम्ही त्यावर पुन्हा काकवी घेता, की पुन्हा तेच. अजून मधुमेह नाही, पण असंच चाललं तर तोही लांब नाही."

"म्हंजी म्हाळू न्हाई?" आप्पांनी विचारलं. बाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

निघताना बाईंनी दोनदा बजावलं, "एकदम काही तोडू नका. हळूहळू, एकेक सवय बदला."

आमच्या आप्पांना हळूहळू हा शब्द माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा, काकवी, गूळ सगळं बंद केलं, आणि एवढ्यावर न थांबता एकादशी म्हणून जेवणही टाळलं. मला कुणी सांगितलं नाही. मी पोचले तेव्हा दुसरं आधण उकळत होतं. झारा टकटक वाजत नव्हता, कारण तो हातातून सुटून काहिलीत बुडत होता. आप्पा त्याला धरायला वाकले. डावा पाय काठावर गेला, सरकला. बबनराव मागे उभे होते, त्यांनी सदऱ्याची कॉलर धरून आप्पांना मागं खेचलं. सदरा काखेत फाटला. आप्पा जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे माझ्याकडे बघायला लागले.

बबनराव माणूस वाईट नाही. म्हणाले, "आप्पा, तुम्ही ढेपा बांधायला बसा. काहील आता दुसरा कुणी बघंल."

"मालक, उन्हाळ्यापतूर बघा," आप्पा म्हणाले. "तवर हात थांबला न्हाई तर मी आपनहून उतरतो."

बबनराव कबूल झाले, एका अटीवर: आप्पांजवळ सतत कुणीतरी उभं राहायचं. पाकाची परीक्षा करताना गुळव्याशेजारी थंड पाण्याचं पातेलं धरून एक माणूस लागतोच. उकळत्या पाकाचा थेंब त्या पाण्यात टाकायचा आणि गोळी वळते का ते बघायचं. ते पातेलं मी धरलं. आप्पा पडले तर त्यांना मी ओढणार होते. माझं वजन बेचाळीस किलो. त्यांचं विचारू नका.

मग आम्ही सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट: घरातून निघताना अर्धी भाकरी आणि मटकीची उसळ, काकवी त्यानंतर. तीही अर्धा पेला. मी समोर बसून घास बघायची. दुसऱ्या आठवड्यात दहा वाजता मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात मी स्वतः भरायची. हात कापायच्या आधीच खायचे, कापल्यावर नाही. मग सकाळची काकवी पाव पेला, मग बंद. चहा सहाचे चार, चाराचे दोन, गूळ चिमटीचिमटीनं कमी. आईनं यात दगा दिला. "त्येंचं त्वांड बारीक दिसतंय गं," म्हणून ती गुपचूप जास्त गूळ टाकायची. मी गुळाचा डबा उचलून माझ्या बॅगेत कुलपात ठेवला. दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही, मी पातेलं धरून उभी राहिले.

सगळ्यात अवघड होतं चाखणं. गोळी वळली की आप्पा ती तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे, मगच म्हणायचे, "उतरवा." मी म्हटलं, चाखा आणि थुंका. ते असे बघायला लागले, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल नेली होती. तरी महिनाभर थुंकले. मग एक दिवस गोळी वळली, तोंडाकडे नेली, थांबले आणि काहिलीच्या कोरड्या काठावर फेकली. टण्ण आवाज आला.

"उतरवा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "माझ्या वस्तादानं मला आवाजच शिकीवला व्हता. चाखायची हौस माझी."

हात थांबत चालला होता. रोज नाही. होळीला पाच पुरणपोळ्या गुळवण्यात बुडवून हाणल्या, आणि दुसऱ्या दिवशी झारा असा वाजला की मी पातेलं सोडून त्यांचा सदरा धरला. पण आठवड्यात चारदा वाजायचा तो एकदा वाजायला लागला, मग पंधरवड्यात एकदा. म्हाळूकाकांचं नाव आप्पांनी पुन्हा काढलं नाही. बबनराव येता-जाता बघून जायचे, पण दुसरा गुळव्या शोधायची भाषा आता करत नव्हते.

माझी भीती मात्र कमी होईना. उलट वाढली. हात थांबला म्हणून ते बेसावध होतील, आणि नेमके त्याच दिवशी जातील, असं वाटायचं. रात्री झोप लागेना. पहाटे उठून त्यांची भाकरी, त्यांची उसळ, त्यांचे फुटाणे. ते पूर्ण जेवेपर्यंत मी समोर चहाचा कप घेऊन बसायची. गुऱ्हाळावर पोचलो की बाया चहा द्यायच्या, तोही घ्यायची. हातात पातेलं आणि डोळे आप्पांच्या बोटांवर.

एप्रिलमधला दिवस. ऊन रणरणत होतं, तिसरं आधण अगदी यायला आलं होतं. आप्पांनी झाऱ्यानं पाक उचलला, तार बघितली. मी पातेलं पुढं केलं. त्यांची बोटं मी पाहिली, स्थिर होती. तरी पातेल्यातलं पाणी थरथरत होतं. मला वाटलं, आप्पांचा धक्का लागला. मग कानात सूं आवाज यायला लागला. पाठीवरून गार घाम ओघळला. काहिलीचा पिवळा फेस वर येतोय, की मी खाली जातेय, ते कळेना. कुणीतरी ओढल्यासारखं झालं. अगदी आप्पा म्हणाले होते तसंच.

मनगटावर पकड बसली. पातेलं मागे जमिनीवर आदळलं, पाणी माझ्याच पायांवर सांडलं. आप्पांनी मला एका हातानं मागं ओढून चिपाडाच्या गंजीला टेकवून बसवलं. दुसऱ्या हातात झारा तसाच होता. त्यातला पाक सांडला नव्हता.

"सकाळधरनं काय खाल्लंस?"

मी उठायला लागले.

"माया. काय खाल्लंस?"

"चहा."

"किती?"

"चार... पाच असतील."

"आन् काल?"

रोज त्यांचा घासन् घास बघितला होता, माझा एकही आठवेना.

त्यांनी खिशात हात घातला आणि सकाळी मीच भरलेले फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले. माझे हात इतके कापत होते की निम्मे खाली पडले. त्यांनी एकेक वेचून परत हातात ठेवला.

"चावून खा. घाई करू नगं," ते म्हणाले. "आठ दिस झालं, तुझं पातेलं हलतंय. मी पाकाकडं कमी आन् तुझ्या हाताकडं जास्त बघतुय. भ्यालोय मी, पोरी."

चुलाणापासून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आधण आलं!"

आप्पा उठले. जाता जाता वळून म्हणाले, "माझ्या डब्यात भाकरी हाय. आधी ती खा, मग पातेलं धर." मग काहिलीच्या काठावर जाऊन उभे राहिले. टण्ण आवाज आला.

"उतरवा," आप्पा म्हणाले. मी डबा उघडला.