राइट बॅकची जागा

माझ्या लेकीचं नाव संघाच्या यादीत होतं आणि ते माझ्यामुळे गेलं. हे मी सगळ्यांना सांगते. मराठी मंडळातल्या बायका म्हणतात, "अगं, असं नको बोलूस." का नको? खरं आहे ते.

सतरा वर्षांखालच्या मुलींची युरोपातली फुटबॉल स्पर्धा त्या वर्षी आयर्लंडमध्ये होती. देश एवढासा, त्यामुळे आमच्या मलिंगार गावच्या खाटकाच्या दुकानातसुद्धा हिरव्या पताका लागल्या होत्या. लेक पंधरा वर्षांची, राइट बॅकला, म्हणजे उजवीकडच्या बचावाला, खेळायची. तीस मुलींमधून वीस निवडायच्या होत्या आणि शेवटचं शिबिर मेनूथला होतं. सहा वर्षं मी तिला वाऱ्यापावसात सरावाला नेलं होतं, नवऱ्याने चिखलाचे बूट धुतले होते. घरात दुसरा विषयच नव्हता.

आणि शिबिराच्या पहिल्याच सकाळी मी काय करावं? आईने नागपूरहून पाठवलेल्या संत्रा बर्फीचा डबा कोचबाईंच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "आमच्या मुलीकडे जरा लक्ष असू द्या." माझ्या शाळेत आईने प्रत्येक वर्गशिक्षिकेला हेच म्हटलं होतं, डब्यासकट. कुणाला काही वाटायचं नाही. कोचबाई मात्र लालबुंद झाल्या. "थँक्स अ मिलियन," म्हणाल्या आणि डबा कुठे ठेवावा ते न कळून तशाच उभ्या राहिल्या.

कहर म्हणजे मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सप्लायरकडून साधं पेनसुद्धा घ्यायचं नाही, हे ट्रेनिंग नव्या लोकांना मीच देते. पण लेकीचा प्रश्न आला की माझी अक्कल कुठे चरायला जाते कोण जाणे!

तिसऱ्या दिवशी फुटबॉल संघटनेचा ईमेल आला. निवडीच्या तोंडावर पालकांनी भेटवस्तू दिल्याचं कोचबाईंनी नियमाप्रमाणे वर कळवलं होतं. आम्ही तिघांनी येऊन भेटावं, असं लिहिलं होतं. लेकीने तो माझ्याच फोनवर वाचला.

"आई, काय केलंस तू हे?" तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इथल्या पोरींसारखं इंग्रजीच, आणि चिडली की दुप्पट वेगाने.

"अगं, नुसती मिठाई होती."

"नुसती मिठाई असती तर शिबिर संपल्यावर दिली असतीस."



भेटीला जाताना गाडीत नवरा म्हणाला, "आमच्याकडे अशी पद्धत असते म्हणून सांग, सॉरी म्हण आणि विषय संपव." तिथला अधिकारी पांढऱ्या केसांचा, भला माणूस होता. त्याने आधी चहा दिला, बिस्किटं पुढे केली. मग स्वतःच म्हणाला, "तुमच्या संस्कृतीत असं असेल, मी समजू शकतो." नवरा लगेच मान डोलवायला लागला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. संस्कृती म्हणे!

"संस्कृतीबिंस्कृती काही नाही," मी म्हटलं. "मला माझ्या मुलीसाठी वशिला लावायचा होता. चूक माझी आहे, माझ्या देशाची नाही. शिक्षा करायची तर मला मैदानाबाहेर ठेवा. ती काही मागायला आली नव्हती."

तो जरा दचकला, मग हसला. म्हणाला, निवड झाली आहे, तुमच्या मुलीचं नाव यादीत आहे, तेव्हा हे प्रकरण इथेच मिटवू. नवऱ्याने माझा हात घट्ट दाबला. मला तर रडूच फुटणार होतं.

"यादी डब्याच्या आधी झाली की नंतर?" लेकीने विचारलं.

"नंतर."

"मग माझं नाव काढा. ज्याला यातलं काही माहीत नाही, अशा कोचसमोर माझी पुन्हा चाचणी घ्या."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी मराठीत ओरडले. "नाव आलंय ना? गप बस!"

"तू गप बस, आई. तू पुरेसं बोलली आहेस." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अधिकाऱ्याने तिचं म्हणणं मान्य केलं आणि शनिवारी सकाळी चाचणी झाली. डून लेरीहून दुसरे कोच आले होते. त्याच जागेसाठी आणखी दोघी मुली होत्या. मी मागितलेली शिक्षा मला मिळाली होती, म्हणून मी कार पार्कमध्ये. समोर फक्त कुंपणाची झुडपं. दोन तास नुसत्या शिट्ट्या ऐकल्या आणि स्वतःला शिव्या घातल्या.

सोमवारी फोन आला. दुसऱ्या मुलीला घेतलं होतं. तिचा डावा पायही उजव्याइतकाच चालायचा.

लेक दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. मी दाराशी ताट घेऊन उभी राहायची. आतून तिचं मुसमुसणं ऐकू यायचं, पण आत जायची हिंमत नव्हती. मंडळातल्या एकीने फोन केला. "हातातली संधी घालवली गं पोरीने. आता निदान अभ्यासाला तरी लागेल." मी म्हटलं, "अभ्यास ती करतेच. संधी मी घालवली. तिने फक्त वशिल्याची घेतली नाही, आणि त्याबद्दल कुणी तिची कीव करायची गरज नाही." फोन ठेवून दिला. त्या बाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नका बोलू!

पहिल्या सामन्याला जायचं लेकीनेच ठरवलं. "तू पण चल," एवढंच म्हणाली. स्टँडमध्ये बसून तिने त्या राइट बॅकला नावाने हाका मारमारून घसा बसवून घेतला. त्या मुलीचा एक पास चुकला तेव्हा मागचा कुणीतरी हसला, तर लेक गर्रकन वळून त्याला म्हणाली, "तू जाऊन खेळ मग!" आपण तीन-शून्यने हरलो.

बाहेर पडताना नवऱ्याने चाचरत विषय काढला. "पुढच्या वर्षीही तू वयात बसतेस. फक्त स्पर्धा दुसऱ्या देशात असेल. यंदा यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला, तसा तेव्हा मिळणार नाही. पात्रता फेरी जिंकावी लागेल."

लेकीने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"ग्रँड," ती इथल्या 'ठीक आहे'च्या सुरात म्हणाली. "मग जिंकूनच जाऊ."