मागच्या खोलीतला भोंगा

राजेंद्र साळव्यांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, चिकलठाण्याच्या कारखान्यात त्यांच्या पाळीला मशीन कधी अडून राहिलं नाही. दुसरी, तरुणपणी फर्दापूरच्या विहारावरचा भोंगा त्यांच्या ताब्यात होता. पहिल्या गोष्टीबद्दल कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसरीबद्दल कुणी काही दिलं नाही, पण पाहुणे जेवायला बसले की किस्से निघायचे ते भोंग्याचेच. जयंतीच्या मिरवणुकीत लाइट गेली तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरी कशी जोडली, हा त्यातला सगळ्यात लांबलचक. तो सुरू झाला की त्यांची बायको रत्नमाला भाकरी आणायला म्हणून उठायची आणि संपल्याशिवाय परत यायची नाही.

त्यांची आई चतुराबाई, नवरा धोंडिबा गेल्यापासून फर्दापूरला एकटी राहत होती. शहरात चला म्हटलं की म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" मग एका सकाळी ती अंगणात पाय घसरून पडली. उठता येईना, हाक कुणाला ऐकू जाईना. दुपारी शेजारची मालनबाई ताक मागायला आली म्हणून सापडली. त्या तापलेल्या अंगणात आपली आई अर्धा दिवस पडून होती, ही गोष्ट राजेंद्रांच्या मनातून काही केल्या जात नव्हती. गुडघ्याचं प्लास्टर निघालं तसे ते तिला घेऊनच आले.

घर नवं होतं. कारखान्याच्या बाजूलाच वसाहत झाली होती, त्यातलं. मुलगी अपेक्षा शिकायला पुण्यात, तिची खोली वर. खाली हॉल, हॉललाच लागून उघडं स्वयंपाकघर, नवराबायकोची खोली आणि मागच्या बाजूला आईची. मागची खोली मुद्दाम दिली, कारण ती शांत. आणि आई यायच्या आदल्या दिवशी राजेंद्रांनी रत्नमालाला समोर बसवून ताकीद दिली.

"आईला लागेल असं एक अक्षर बोलायचं नाही. काय असंल ते माझ्याजवळ बोल."

"मी काय भांडकुदळ हाय का?" रत्नमाला म्हणाली. पण तिने शब्द पाळला, आणि असा पाळला की घराचं पार सरकारी विश्रामगृह झालं. आत्याबाई, चहा आणू का? आत्याबाई, पंखा वाढवू का? आत्याबाई, दार लोटून घेते, तुम्हाला आवाजाचा त्रास नको. सासूबाईंनी घासलेली भांडी पुन्हा घासली तरी हसायचं. फ्रिजला जरा इसावा म्हणून त्याचं बटन बंद केलं, आतलं दूध नासलं, तरी हसायचं. हे हसू चेहऱ्यावर धरून धरून तिचे गाल दुखायला लागले असतील.

चतुराबाईने आल्यापासून मागितलं ते एकच. "राजू, हितं मला एक खुंटी मारून दे. लुगडं अडकवायला."

"आई, एवढं मोठं कपाट आहे की. नव्या भिंतीला कशाला भोक पाडायचं?"

तिने पुन्हा विचारलं नाही. आपली आई इतकी समजूतदार झाली याचं राजेंद्रांना त्या दिवशी कौतुक वाटलं. माणूस आपल्या सोयीचं बरोबर पाहतो.

आणि मग एका रात्री जेवताना ती म्हणाली, "येत्या रविवारी मला फर्दापूरला नेऊन सोड."

राजेंद्रांचा घास हातातच राहिला. "का? काय झालं? कुणी काय बोललं का?"

"कोण काय बोलतंय? लई चांगली हाईत सगळी." तिने ताटातली भाकरी चुरली. "हितं मुकं मुकं वाटतं. बस."

राजेंद्रांच्या डोळ्यांपुढे पुन्हा तेच अंगण. त्यांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. चतुराबाई बधेना. एकदा तिने ठरवलं की धोंडिबाचंही काही चालत नसे, तिथे हे कोण?

मग त्यांनी त्या एका शब्दावर विचार केला. मुकं वाटतं. गावाकडे सकाळ-संध्याकाळ विहारावरून वंदना व्हायची, तिच्यावरच आईचा दिवस चालायचा. इथे ती ऐकू येत नाही, दुसरं काय? डोक्यात उजेड पडल्यासारखं झालं. घरातल्या प्रत्येक खोलीत स्पीकर बसवायचे. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, तिथे माइक ठेवायचा. आपण स्वतः वंदना म्हणायची आणि ती थेट आईच्या खोलीत.

पैठण गेटच्या स्पीकरच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने अँप्लिफायर काढून काउंटरवर ठेवला.

"चार कमरे, चार बटन, अंकल. हर कमरे की आवाज अलग. एक कम किए तो दूसरे को कुछ फरक नई पडता. और मायक का ऐसा है..."

"मायक का मेरे को मत बताव," राजेंद्र म्हणाले. "तुम पैदा बी नई हुए थे तबसे भोंगे चलाए मैंने."

"हौ, अंकल," दुकानदार म्हणाला आणि खोकं बांधायला लागला.

शनिवारी साळव्यांच्या घरात ड्रिल मशीन दिवसभर चाललं. ज्या भिंतीला खुंटीचं भोक चालत नव्हतं, तिला वायरसाठी, पट्ट्यांसाठी, स्पीकरच्या स्क्रूसाठी चाळणीसारखी भोकं पडली. कुणाच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही. चतुराबाई पलंगावर बसून बघत होती.  पिशवी भरून पायाशी ठेवलेली.

संध्याकाळी नुसती गाणी लावून पाहिली. रत्नमालाने ऐकलं आणि लगेच आपल्या खोलीचं आणि वरच्या खोलीचं बटन शून्यावर नेलं. "झोपायच्या खोलीत भोंगा नको मला. तुमचं वय भोंगा वाजवायचं असंल, माझं झोपायचं झालंय." राहिल्या दोन खोल्या, हॉल आणि आईची. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिचं बटन राजेंद्रांनी पार वर ठेवलं.

रविवारी सकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते माइकपुढे बसले. घसा खाकरला. बोट लावून टकटक केलं. तरुणपणीची ती टकटक! पुन्हा अंगात वारं भरलं. वंदना त्यांनी मन लावून म्हटली, आवाज थोडा कापला, पण एकाही ठिकाणी चुकले नाहीत. संपल्यावर हॉलचं बटन फिरवून आवाज पार खाली घेतला. माइकच्या खटक्याला मात्र हात लावला नाही, कारण तो विहाराचा नेम होता. तिथला खटका जुनाट, त्याला हात लावला की सगळ्या गावाच्या कानठळ्या बसायच्या. म्हणून माइक चालूच ठेवायचा आणि मोठं बटन खाली घ्यायचं. तिथे बटन एकच होतं. ते खाली आलं की गावातले सगळे भोंगे एकदम गप्प व्हायचे. हॉल गप्प झाला, तसं सगळं गप्प झालं असं राजेंद्र समजले.

ते धावतच मागच्या खोलीत गेले. "ऐकलं का?"

"ऐकलं. ग्वाड म्हणतो अजून." चतुराबाईने डोळे पुसले. राजेंद्रांची उमेद वर आली, आणि पुढच्याच वाक्याला खाली बसली. "गाडी कवा काढतो? ऊन व्हायच्या आत निघू."

आता काही उरलं नव्हतं. गाडीत पेट्रोल टाकायला म्हणून ते जालना रोडला गेले. पंपावर पुढची गाडी सरकली तरी यांचं लक्ष नव्हतं. मागच्याने हॉर्न वाजवून वाजवून आकांत केला. राजेंद्रांना त्या वेळी कुणी काहीही बोललं असतं तरी चाललं असतं. आईला त्या घरात एकटी ठेवून परत यायचं आहे, हेच डोक्यात होतं.

परत आल्यावर ते मागच्या दारानेच आत शिरले, पिशवी उचलायला. आणि उंबऱ्यातच थबकले. खोलीत रत्नमाला बोलत होती. पण खोलीत रत्नमाला नव्हती. आवाज छतातून येत होता, खणखणीत.

"...अगं सुलेखा, घासलेली भांडी पुन्हा घासतात! म्हणजे मी काय घाण ठेवते का? आणि परवा शेजारच्या काकूंना सांगितलं, रतनच्या भाकरीला काठाला चिरा पडतात. माझ्या! भाकरीला!"

सुलेखा म्हणजे रत्नमालाची बहीण. रविवारी तिचा फोन ठरलेला. मागे फोडणी तडतडत होती, भांडं आपटत होतं. राजेंद्रांना आठवला तो माइकचा खटका! ते हॉलकडे पळणार, तेवढ्यात चतुराबाईने त्यांचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"थांब. ऐकू दे."

"आई, ती रागाच्या भरात..."

"गप रे."

छतातून रत्नमालाचा आवाज आता खाली आला होता. "आणि आता निघाल्यात. पिशवी भरून बसल्यात. काय चुकलं म्हणून विचारायची सोय नाय मला. यांनी सांगून ठेवलंय ना, आईला काय बोलायचं नाय. सारखं मापून बोलायचं. मी काय हॉटेलातली बाई हाय का? भांडले असते तर मन तरी मोकळं झालं असतं. मग म्हणले असते, जाऊ नका. आता कोणत्या तोंडानं म्हणू?"

नाक ओढल्याचा आवाज आला. मग कुकरची शिट्टी.

राजेंद्र आईकडे बघायला धजेनात. शेवटी बघितलं, तर चतुराबाई हसत होती. तोंडात दात नाहीत, ते सगळं तोंड उघडून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी.

"मला वाटलं, नको झालीय मी हिला," ती म्हणाली. "पाव्हण्यासारखी वागवती. दार लोटती. घरात कुणाचा आवाज नाय, कुणाचं भांडण नाय. आपल्या माणसाला कुणी असं वागवतं व्हय?" तिने काठी उचलली. "उठव मला."

राजेंद्रांनी हात दिला. ती हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत काठी टेकत गेली आणि ओट्याशी उभी राहिली. राजेंद्र मागे उभे, कोणत्या बाजूने पळावं या विचारात. रत्नमालाने वळून पाहिलं आणि फोन कानावरून खाली घेतला.

"चिरा पडत्यात म्हणून म्हणलं मी," चतुराबाई म्हणाली. "पडत्यातच. पाणी गरम घेत नाय तू."

रत्नमालाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी माइककडे पाहिलं. तिला सगळं उमगलं. आता ती काय करेल याचा राजेंद्रांना अंदाज येईना.

"गरमच घेते!" ती कडाडली. "तुम्ही कधी आला बघायला? दार लावून बसता आत!"

"दार तू लावती!"

"तुम्हाला आवाज नको म्हणून!"

"कुणी सांगितलं मला आवाज नको?"

दोघींनी एकदमच मान वळवून राजेंद्रांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या दोघींचं इतकं एकमत त्यांनी प्रथमच पाहिलं. ते मुकाट्याने मागच्या खोलीत गेले.

तिथे पलंगावर बसले. डोक्यावर दोघींचं चाललं होतं. पीठ जुनं आहे, तवा पातळ आहे, सरक जरा, मी थापून दाखवते. पहिल्यांदा त्यांचा जीव भांड्यात पडला. ते अंगण डोळ्यांपुढून हललं. उठून तो खटका बंद करायला पाहिजे होता, बंद करणारही होते ते. पण जरा वेळ तसेच ऐकत राहिले.

"रतन, राजूला सांग, पिशवीतलं माझं लुगडं बाहेर काढ म्हणावं. चुरगळंल."

"तुम्हीच सांगा. पोरगा तुमचा हाय. आणि ठेवणार कुठं? कपाट तुम्हाला आवडत नाय."

राजेंद्रांनी पिशवीतून लुगडं काढलं, झटकून खांद्यावर टाकलं, आणि ड्रिल मशीन घेऊन खुंटीची जागा बघायला लागले.