आठ जूनची सहा ऑगस्ट

पुण्यातली नोकरी सोडून मी सोलापूरला परत आले, त्याला आता सात वर्षं होतील. वडिलांचे दोन्ही गुडघे गेले होते आणि आईला एकटीला झेपत नव्हतं. इथं एका लहान कंपनीत मला काम मिळालं. कंपनी म्हणजे चादरींच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि मालक धरून चार माणसं. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, ज्याला जे लागेल ते सॉफ्टवेअर आम्ही लिहून द्यायचो.

त्यातच डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम माझ्याकडं आलं. तिथं खेड्यापाड्यांतून पेशंट येत. डॉक्टर तपासून पुढची तारीख देत, ती केसपेपरवर पेनानं लिहिली जाई आणि खिडकीतल्या मोठ्या रजिस्टरमध्येही. पण माणसं तारीख विसरायची, कागद हरवायची. म्हणून डॉक्टरांना एवढंच हवं होतं, की प्रत्येक पेशंटला फोन जावा आणि फोनवर मराठीत त्याची तारीख सांगितली जावी. काम अवघड नव्हतं. मी आनंदानं घेतलं.

रजिस्टरमधल्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या ताईंनी. त्या विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, खिडकीत मात्र समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत उत्तर देणाऱ्या. रोज दुपारी गर्दी ओसरली, की त्या एक्सेलच्या तक्त्यात पानामागून पान उतरवून घ्यायच्या. दोन महिन्यांनी त्यांनी मला फाईल दिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठं घरकाम उरकल्याचं समाधान होतं.

फाईल उघडल्यावर मला एक गोष्ट दिसली होती. तारखांच्या रकान्यात काही तारखा डावीकडं चिकटलेल्या होत्या, काही उजवीकडं. मला ते विस्कटलेलं बघवेना, म्हणून मी अख्खा रकाना निवडून सगळ्या तारखा मधोमध आणल्या. छान एका रांगेत दिसायला लागल्या. तिथंच मी थांबून, असं का झालंय, हे विचारायला हवं होतं. त्या दिवशी ते डोक्यातही आलं नाही.

झालं होतं ते असं. ताईंचा कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता. तिकडं आधी महिना लिहितात, मग दिवस. ताईंनी ८/६ लिहिलं, म्हणजे आठ जून. कॉम्प्युटरनं ते सहा ऑगस्ट समजून घेतलं आणि तारीख म्हणून उजवीकडं ठेवलं. ताईंनी २३/६ लिहिलं, की तो अडायचा, कारण तेविसावा महिना नसतो. मग तो ते नुसती अक्षरं म्हणून डावीकडं ठेवायचा. माझ्या प्रोग्रामनं डावीकडची अक्षरं आपल्या पद्धतीनं वाचली, ती बरोबर आली. उजवीकडच्या तारखा आयत्या मिळाल्या, म्हणून त्या तशाच घेतल्या. म्हणजे महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढचे सगळे पेशंट बरोबर, आणि बारापर्यंतच्या बहुतेकांचा दिवस आणि महिना उलटा. मी तपासणीसाठी दहा नोंदी काढून रजिस्टरशी ताडून पाहिल्या होत्या. त्यातल्या नऊ नोंदी महिनाअखेरच्या तारखांच्या होत्या आणि एक पाच मेची. ५/५ कुठूनही वाचलं तरी पाच मेच.

मे महिन्यात सॉफ्टवेअर सुरू झालं. सगळ्या जुन्या पेशंटना एकदा फोन गेले. डॉक्टरांनी सगळ्यांना पेढे दिले. जूनमध्ये पहिले दहा-बारा दिवस दवाखाना रिकामा वाटत होता, पण पेरणीचे दिवस आहेत, असं सगळेच म्हणाले आणि मलाही पटलं.

सहा ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास ताईंचा फोन आला.

"मॅडम, जरा येता का? डॉक्टर बोलावतायत."

"काही बंद पडलंय का?"

"बंद नाही. या तुम्ही."

मी गेले तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत एक बाई बसल्या होत्या. साठीच्या असतील. इरकल लुगडं, कपाळाला विभूती, डाव्या हाताला मनगटाच्या वर भाजल्याचा लांब डाग, नुकताच सुकलेला. मंद्रूपजवळच्या एका वाडीतल्या. घरी कन्नड, बाहेर मराठी. ज्वारीच्या कडक भाकरी करून त्या सोलापुरातल्या दुकानांना द्यायच्या. त्यांना काचबिंदू होता. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले होते आणि बाटली संपायच्या सुमारास दाब बघायला बोलावलं होतं.

डॉक्टर हातातला केसपेपर धरून उभे होते. आवाज चढवणारा माणूस नव्हे. त्यांनी विचारलं, "मावशी, हितं आठ-सहा लिहिलंय. आठ जून. तुम्ही दोन महिने उशिरा का आलात?"

"उशिरा कुटं? फोनवर सहा ऑगस्ट म्हनले की. आज सहा हाय न्हवं?"

"आणि थेंब?"

"ते जूनमदीच सपले. मी हितं फोन क्येला व्हता. खिडकीतल्या बाईनं कॉम्प्युटरात बगितलं आन सांगितलं, सहा ऑगस्टलाच या. मला वाटलं, मदी थेंब नसतील लागत."

दारात उभ्या ताईंनी खाली पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "आला होता फोन. मीच सांगितलं."

मी खिडकीत जाऊन फाईल उघडली. रजिस्टर शेजारी ठेवलं. पहिल्या चार-पाच नोंदी ताडल्या आणि मला कळलं. मी ताईंना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चुकीचं टाइप केलं?"

"नाही. तुम्ही बरोबर केलंय. मी चुकीचं वाचलं."

त्या दिवशी त्या मावशींची बाजूची नजर तपासण्यात आली. यंत्राच्या खोबणीत हनुवटी टेकवायची, समोर बघायचं आणि कडेला कुठं ठिपका चमकला की बटण दाबायचं. काचेतून मी बघत होते. डावीकडं ठिपके चमकत होते आणि त्या बटण दाबत नव्हत्या. शांतपणे, अगदी मन लावून, त्या पुढच्या ठिपक्याची वाट बघत होत्या.

डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, की डाव्या डोळ्याची कडेची नजर कमी झाली आहे आणि काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. "थेंब बंद पडल्यामुळं किती गेलं आणि एरवीही किती गेलं असतं, हे मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण थेंब चालू राहायला हवे होते, एवढं नक्की."

आम्ही दवाखान्यातच बसून उलट्या झालेल्या नोंदींची यादी काढली. चार पानं भरली. पुढचे तीन दिवस ताई आणि मी एकेका नंबरावर फोन लावत होतो. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. कुणाचा चष्म्याचा नंबर बघायचा होता, कुणी नोव्हेंबरऐवजी मेमध्येच येऊन गेलं होतं. काचबिंदूचे सहा पेशंट होते, त्यांना आधी बोलावलं. करकंबच्या एका गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग आता नक्की कधी येऊ? आणि हे कॉम्प्युटर सांगतंय का तुम्ही?" मी म्हटलं, मी सांगतेय. ते म्हणाले, "मग येतो."

आमच्या मालकांना मी सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "दवाखान्यानं लोकांना कॉम्प्युटरची चूक म्हणून सांगितलंय ना? मग विषय वाढवू नकोस." डॉक्टरही तसंच म्हणाले होते, माझ्यावर दया म्हणून. कॉम्प्युटरची चूक म्हटलं, की कुणाची मान खाली जात नाही. मला त्या शब्दांत लपता आलं असतं. पण घरी वडिलांच्या डोळ्यांत रोज संध्याकाळी मीच थेंब घालत असे. बाटली उघडली, की हात थांबायचा.

पंधरा दिवसांनी एका रविवारी मी मंद्रूपच्या एसटीत बसले. पत्ता ताईंनी दिला होता. मावशी पडवीत चुलीपुढं बसल्या होत्या. समोर पीठ मळायची काठवट, बाजूला भाजून उभ्या करून ठेवलेल्या पातळ भाकरी. मला ओळखलं नाही. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "थेंब घालतीया रोज. चुकवलं न्हाई."

"मावशी, मी त्यासाठी नाही आले. तुम्हाला फोनवर जी तारीख सांगितली, ती मी चुकवली. तो प्रोग्राम मी लिहिला होता."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्याकडं पूर्ण वळून पाहिलं. तसं वळावं लागायचं आता त्यांना.

"ते फोनमदलं बोलनं तू लिव्हलंस व्हय?"

"हो."

"डॉक्टर तर मशिनीची चूक म्हनला."

"मशीनला मी जे सांगितलं, तेच ते बोललं."

त्यांनी भाकरी तव्यावरून काढून बाजूला उभी केली. मग म्हणाल्या, "डॉक्टरनं मला तोंडानं सांगितलं व्हतं, शाळा उगडायच्या आत ये. नातवाचं दप्तर आनलं तवा माज्या मनात आलं व्हतं, की आपुन जायला पायजे. पन फोन म्हनतोय ऑगस्ट, वर त्या बाईबी म्हनतात ऑगस्ट. मी अडानी. म्हनलं, आपलंच काय तरी चुकत आसंल."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांना खरी तारीख ठाऊक होती. माझ्या प्रोग्रामच्या आवाजापुढं त्यांनी ती मागं घेतली होती.

सून मात्र चिडली होती, आणि ते बरोबरच होतं. तांब्या माझ्यापुढं ठेवत ती म्हणाली, "त्येंचा हात भाजला, ठाव हाय का तुमाला? डावीकडचा तवा दिसलाच न्हाई त्यास्नी. आता येऊन काय उपेग?"

मी म्हटलं, "काही उपयोग नाही. पण चूक कुणाची ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून आले."

मावशी सुनेला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. सून आत गेली. मग मला म्हणाल्या, "राग मलाबी आला. डोळा काय परत यायचा न्हाई. पन तू हितवर आलीस. बस. भाकरी खाऊन जा."

मी बसले. शेंगांच्या चटणीबरोबर गरम भाकरी खाल्ली. खाताना मी त्यांना विचारलं, की फोन कसा असायला हवा होता, म्हणजे तुम्हाला शंका घेता आली असती.

त्या हात पुसून विचार करत बसल्या. "आकडं नुसतं सांगू नगं," त्या म्हणाल्या. "वार सांग. आमाला वार कळतोय. आन सांगून झाल्यावर इचार की, डॉक्टरनं हेच सांगितलंय का म्हनून. तुजी मशीन नुस्ती सांगतीया. इचारत न्हाई."

सोमवारी ऑफिसात जाऊन मी तेच केलं. तारखेचा महिना आता सगळीकडं शब्दांत लिहिला जातो, नोंद करतानाही आणि कागदावरही. नुसते आकडे टाकले तर कॉम्प्युटर घेतच नाही. फोनवर आधी वार येतो, मग तारीख. शेवटी विचारलं जातं, की डॉक्टरांनी हीच तारीख सांगितली होती का, आणि नसेल तर एक दाबा. एक दाबला, की तो फोन थेट खिडकीत वाजतो. जुन्या नोंदींत जिथं एखादी तारीख दोन तऱ्हांनी वाचता येते, तिथं प्रोग्राम स्वतः काही ठरवत नाही. ती नोंद बाजूला काढून ताईंपुढं ठेवतो आणि ताई रजिस्टर उघडून बघतात. मालकांना वाटलं, यात ताईंचं काम वाढेल. ताई म्हणाल्या, "वाढू द्या."

एक दाबणारे बरेच निघाले. बहुतेक वेळा तारीख बरोबरच असते आणि माणसाला नुसतं कुणाशी तरी बोलायचं असतं. ताई बोलतात.

मावशी दर तीन महिन्यांनी येतात. जमेल तेव्हा त्या दिवशी मी दवाखान्यात काहीतरी काम काढते. सुरुवातीला त्या आल्या की मला धास्ती वाटायची. यंत्रापुढं त्या बसल्या की मी बाहेर येरझारा घालायचे. गेल्या दोन वर्षांत डोळ्याचा दाब आटोक्यात राहिला आहे. नजर जेवढी होती तेवढी आहे. चूल त्यांनी पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवून घेतली, आता तवा उजव्या हाताला असतो. सून अजून माझ्याशी मोजकंच बोलते, पण मावशींबरोबर तीच येते आणि थेंबांच्या बाटलीवर सुरू केल्याची तारीख स्वतःच्या अक्षरात लिहिते, महिना शब्दांत.

मागच्या खेपेला तपासणी झाल्यावर मावशी माझ्या शेजारी बाकावर येऊन टेकल्या. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"हाय तेवडं हाय म्हनला," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून कागदात बांधलेल्या चार भाकरी काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. "तुज्या आईला दे. मऊ पडायच्या आत खावा म्हनावं."