हळू चालवण्याची शपथ

माझे काका अंगणात उभ्या असलेल्या गाडीत गेले. गाडी बंद होती, किल्ली घरात खुंटीला होती आणि हातात कालचं वर्तमानपत्र होतं. जेवण झालं की फणसाच्या सावलीत गाडीची चारी दारं उघडी टाकून पडायची त्यांची सवयच होती. त्या दिवशी काकी चहा घेऊन गेली, तर ते उठेनात. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेव्हा आमच्याकडे फोन मोजक्या घरांत. गावोगावच्या नातेवाइकांना निरोप जायचा तो एसटीच्या कंडक्टरकडून. संगमेश्वरच्या गाडीवरच्या कंडक्टरला मी स्वतः सांगितलं, "काका अंगणात, गाडीत बसल्याजागी गेले." निरोप संगमेश्वरला पोचेपर्यंत अंगण वाटेत कुठेतरी उतरलं होतं.

त्यात काकांचा पूर्वेतिहास. तरुणपणी ते मुंबईत एका शेटकडे पगारावर शर्यतीच्या गाड्या चालवत. विमानांच्या जुन्या धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडलं की सरळ पाव मैल सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, काही नाही. रत्नागिरीत हे कुणाला पटलं नाही. "पाव मैलासाठी गाडी कशाला हवी?" असं लोक विचारत. लग्न ठरलं तेव्हा काकीने अट घातली, शर्यती बंद आणि गाडी हळू. काकांनी गणपतीसमोर तशी शपथ घेतली आणि इथे येऊन गॅरेज काढलं. त्यानंतर त्यांच्या गाडीला सायकली मागे टाकत. काकीला त्याचा फार तोरा होता. कुठल्याही हळदीकुंकवाला हा विषय निघायचाच.

आता समाचाराला येणारा प्रत्येक जण काकीकडे जाण्याआधी गाडीला प्रदक्षिणा घाली. संगमेश्वरहून आलेल्या काकीच्या थोरल्या भावाने पुढच्या मडगार्डवर पोचा शोधून काढला.

"हां, हितं ठोकलीन," ते म्हणाले. "शेवटी शर्यतीची खोड ती. जाते कुठं?"

"मामा, त्यावर गेल्या वर्षी फणस पडला होता," मी म्हटलं.

"असेल हो," मामा म्हणाले. म्हणजे नसेल.

काकी ताडकन बाहेर आली. "फणसच पडला दादा. ह्यांनी माझा शब्द मोडला नाही."

तेरा दिवस ती हेच सांगत राहिली. लोक मान डोलवत आणि जाताना पुन्हा एकदा मडगार्ड बघून घेत. मला सगळ्यांचा मनस्वी राग आला. नवरा तर गेलाच होता, आता तो शब्दाचा पक्का होता एवढंही तिच्याकडे राहू देईनात.

माझी पंचाईत अशी की शब्द मोडला होता, आणि मी साक्षीदार होते. शाळेत नोकरी लागल्यावर काका मला गाडी शिकवायला भाट्याच्या किनाऱ्यावर नेत. एका सकाळी मोठी ओहोटी होती, वाळू ओली आणि टणक, चिटपाखरू नव्हतं. "सरक तिकडे," काका म्हणाले. मग जे झालं ते वीस सेकंदांत संपलं. मी दार धरून किंचाळत होते आणि मला ते अतिशय आवडलं. काकांनी गाडी थांबवून चष्मा पुसला. "काकीला बोलू नको," एवढंच म्हणाले. पुढची चार वर्षं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीची वेळ बघून आम्ही जात होतो. शिकवणीच्या नावाखाली. मला गाडी पहिल्या तीन महिन्यांतच येऊ लागली होती.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. काकी गाडीत, काकांच्या जागेवर जाऊन बसली आणि मला बोलावलं.

"तू बरोबर असायचीस. खरं सांग, ह्यांनी कधी जोरात पळवली?"

"नाही," मी म्हटलं. पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवायचा मला पगार मिळत होता. तरी जीभ अडखळली नाही.

काकीने पायाखालची चटई उचलून बाहेर झटकली.

"गाडीतली वाळू मीच झाडत होते गो," ती म्हणाली. "चार वर्षं."

तिने पदराने डोळे पुसले, त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच.

"शपथ घातली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, घाबरले होते. पुढे एकदा मला नेलं असतं, तर मी काय नको म्हटलं असतं?"