आवाजाची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी गीत सुरू करायचं ते यांनीच. पेटीवाला आलेला असो वा नसो, हे पहिल्या बाकाशी उभे राहणार, घसा खाकरणार आणि पहिली ओळ एकट्याने म्हणणार. मग बाकीचे. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आठवडाभर फोनवर ड्रायव्हरांवर ओरडून बसलेला घसा रविवारी कसा मोकळा व्हायचा, देव जाणे. लग्नाआधी मी यांना पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. मंडळीच्या एका शिबिरात मांडवामागे मी भाकऱ्या भाजत होते आणि पुढे हे गात होते. वडिलांना सांगून टाकलं, मुलगा दिसतो कसा ते तुम्ही बघा, मला चालेल.

त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, मानेला पुढून भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलणं जाईल, गाणं जाईल, माणूस राहील. उशीर मात्र करू नका, म्हणाले. यांनी सगळं मान डोलावत ऐकलं आणि घरी येताना रिक्षात सांगितलं की ऑपरेशन करायचं नाही.

"गाता येणार नसेल तर मी नुसता जेवायला मागे राहू का?"

"आणि मी? मी काय तुमच्या गाण्याशी लग्न केलंय?"

"केलंयस की," म्हणाले.

नवीन पनवेल येईपर्यंत मी बाहेर बघत बसले.

मग सुरू झाली मनधरणी. मुलीने पुण्याहून रोज फोन केले, रडली, शेवटी अबोला धरला. पाळकसाहेब दोनदा येऊन प्रार्थना करून गेले. यांनी त्यांना चहा पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि दारापर्यंत पोचवून आले. मंडळीत बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं. घसा बसलाय, एवढंच आम्ही सांगत होतो.

मी देवाशी भांडत होते. हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना करायला मला लहानपणी शिकवलंय, पण त्या दिवसांत मी भांडी आपटत प्रार्थना केली. प्रभूला म्हटलं, घ्यायचंच होतं तर गुडघे घ्यायचे, तसेही ते कुरकुरतायत. तुला नेमका आवाजच सापडला? याची मला लाज वाटत नाही. ज्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्यावर माणूस भरवसा तरी कसा टाकणार?

अशीच एकदा भेंडी चिरता चिरता तणतणत होते, आणि मध्येच थांबले. फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही उपकारस्तुती ठेवली होती. मुलगी पास झाली तेव्हा ठेवली. स्कूटरचीसुद्धा ठेवली होती. या आवाजाची मात्र कधीच नाही. तो फुकट मिळालेला, रोज वापरातला, त्याबद्दल देवाचे आभार मानायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

उपकारस्तुती म्हणजे घरात काही चांगलं झालं की मंडळीला बोलवायचं, गीतं, प्रार्थना आणि मग जेवण. त्यात एक गोष्ट कुणाला चुकत नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना ठेवली, त्याने उभं राहून आभार कशाचे ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मला हेच हवं होतं. घरात मला आणि मुलीला उडवून लावणं सोपं होतं. उभं राहून, सगळ्यांसमोर, देवाचं नाव घेऊन काहीतरी खरं बोलावं लागलं असतं.

मी यांना न विचारता पाळकबाईंना फोन केला. शनिवारी आमच्याकडे उपकारस्तुती. कशाची, त्यांनी विचारलं. म्हटलं, आल्यावर कळेल. त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं आणि यांनी ते स्वतःच्या मोबाइलवर वाचलं. माझ्याशी बोलणं बंद. पण एकदा जाहीर झालेली उपकारस्तुती मोडायची नसते, हे यांनाही ठाऊक होतं. निमूटपणे कोथिंबीर आणून दिली.

कारण न सांगितल्याचा घोळ मला शनिवारी कळला. आख्ख्या मंडळीने मुलीचं लग्न ठरलंय असं धरलं होतं. सुकापूरच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. एक मावशी तर गुंडाळलेला डिनर सेट घेऊनच आल्या. खालच्या मजल्यावरच्या कोकणी मुसलमान भाभींनी आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या, त्यांनी वर शेवयांचा मोठा डबा पाठवला आणि मुबारक म्हणून निरोप. पुण्याहून आलेली मुलगी दारात सगळ्यांचे सलाम, म्हणजे आमच्याकडचा नमस्कार, आणि अभिनंदन घेत माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

पहिलं गीत यांनीच सुरू केलं. आवाज फाटका, पण सूर जागच्या जागी. मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि यांच्याकडे बघून थांबले. हे बसूनच राहिले. मावशी मुलीकडे बघून गोड हसत होत्या. हे उठले नसते तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता, आणि देवाकडे तरी आहे का, याची मला त्या क्षणी खात्री नव्हती.

हे उठले.

"तुम्हाला वाटतंय तसं काही नाही," म्हणाले. "मला घशाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं की आवाज जाणार. हा आवाज मी मागितला नव्हता, कुणी शिकवलाही नव्हता. प्रभूने दिला, मी वापरला. आभार मानायचे तेवढे राहिले होते." मग माझ्याकडे बघितलं. "सोमवारी ॲडमिट होतोय."

मला हे तेव्हाच कळलं, सगळ्यांबरोबर. मी पदर तोंडाला लावला आणि रडले. मावशीही रडल्या, डिनर सेट मात्र परत नेला नाही. त्यानंतर ज्याला जे आवडेल ते गीत त्याने सांगायचं आणि यांनी म्हणायचं, असं चाललं. पुलाव पार गार झाला, पण कुणी उठलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. आता मानेवर पांढरा रुमाल असतो, बोलणं सगळं मोबाइलवर टाइप करून. यांचं उत्तर टाइप होईस्तोवर माझं भांडण जिंकून झालेलं असतं. लोक हळू आवाजात विचारतात, एवढं होऊनही तुमचा विश्वास कसा काय टिकला? मी मोठ्याने सांगते की ज्याने आवाज नेला, त्यानेच माणूस माझ्याकडे ठेवला, आणि मला आता कशाची भीती वाटत नाही.

बरं वाटल्यावर पहिल्या रविवारी हे आपल्या पहिल्या बाकाशी जाऊन उभे राहिले. मी शेजारी. गीत कॉलेजातल्या एका मुलीने सुरू केलं, तेही फारच वरच्या पट्टीत. यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हाताचा पंजा खाली दाबला. ती हसली, थांबली, खालून सुरू केलं. सगळी मंडळी तिच्यामागे.

दुसऱ्या कडव्याला मला बाजूने बारीक आवाज यायला लागला. यांच्या रुमालाखालून श्वास. ओळ चालू असेपर्यंत काही नाही, ओळ संपली की श्वास, आम्ही सगळे घेत होतो बरोब्बर तिथेच. ओठ हलत होते. मी गायचं थांबवलं आणि यांचं ऐकत उभी राहिले. शेवटच्या कडव्यापर्यंत यांची एकही ओळ सुटली नाही.