आगाशे सरांची दगडरोधक पट्टी

पुढच्या डंपरखालून दगड उडाला आणि सदाशिव पेठेतल्या आगाशे सरांच्या गाडीची काच तडकली. तेव्हापासून किल्ली हातात घेतली तरी निवृत्त सरांना घाम फुटे. शेवटी बॉनेटवर दगड अडवणारी पट्टी बसवायला ते गॅरेजात गेले.

"काका, दोन भोकं पाडू?" फिटरनं ड्रिल उचललं.

"अहो, बॉनेट आहे ते, बाळाचे कान नव्हेत!"

मग चिकटवायची पट्टी घेतली. पण तीच उडून काचेवर आली तर? या धास्तीनं खडकवासल्याच्या रस्त्यावर सर विसाच्या वर जाईनात.

"अहो, जरा आरशात बघा," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, हेमाताई, म्हणाल्या.

मागं डंपर अगदी खेटून हॉर्न देत होता. सरांनी डोळे विस्फारून गाडी साठावर नेली. पट्टी तसूभरही हलली नाही. स्टिअरिंगला चिकटलेली सरांची बोटं मात्र घरी आल्यावर हेमाताईंना एकेक करून सोडवावी लागली.