दारातल्या चपला

इंग्लंडमधल्या एका चर्चशी आमच्या कोल्हापूरच्या चर्चची भागीदारी ठरली, तेव्हा पाळकसाहेब वेदीपुढं उभं राहून म्हणाले होते, "इथं दाता कुणी नाही आणि याचक कुणी नाही. दोघांनी द्यायचं, दोघांनी घ्यायचं." मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून सगळा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. पण खरं सांगते, ते शब्द मला मनापासून पटले होते. वेडीच मी!

तिकडून एक बाई आली, ती आमच्याच घरी राहिली. तिच्या चर्चमध्ये चार म्हातारी माणसं उरलेली. आम्ही दर आठवड्याला एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमतो, ते तिला शिकून न्यायचं होतं. आम्हाला तिच्याकडून रविवारच्या शाळेसाठी नवे धडे हवे होते. झकास जमलं. माझ्या सासूबाई तिच्या वाटीत पांढरा रस्सा ओतायच्या आणि "पी की गं, लाजतीस कशाला?" म्हणायच्या. तिला एक अक्षर कळायचं नाही, पण प्यायची बिचारी. मला तर सख्खी बहीण मिळाल्यासारखं झालं होतं.

शेवटच्या रविवारी तिनं उपासनेत सासूबाईंचा फोटो काढला. फरशीवर बसलेल्या, डोळे मिटलेले, पाय उघडे. आमच्यात पायातलं दारात काढूनच आत येतात. तिनंही बूट काढले होते. निघताना सासूबाईंनी तिला करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल घेऊन दिली.

मग काही महिन्यांनी तिच्या चर्चकडून खोकी आली. आत कापडी बूट, अख्ख्या मंडळीला पुरतील एवढे! सासूबाई पोट धरून हसल्या. "आगं, कोल्हापूरला पायताण धाडलंय व्हय! येडी का खुळी ही?"

मीही हसले. काहीतरी घोटाळा झाला असेल, म्हटलं.

पाळकसाहेब म्हणाले, रविवारी व्हिडिओ कॉल करून आभार माना. सासूबाईंना शेजारी बसवून मी फोन लावला. ती दिसली, आणि तिच्या मागं चर्चच्या भिंतीवर सासूबाईंचा तोच फोटो, हा एवढा मोठा. खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'या आजींना अनवाणी ठेवायचं का?'

"आगं, भिंतीवर मी हाय की!" सासूबाई हरखल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजले हिनं! मी इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे?"

ती गडबडली. "असा फोटो लोकांना लगेच भिडतो, गावातनं मदत येते. नुसत्या प्रार्थनेसाठी कुणी पुढं येत नाही गं."

"त्या दिवशी आईंच्या चपला कुठं होत्या?"

ती खाली बघत म्हणाली, "दारात. माझ्या बुटांशेजारी."

म्हणजे तिला ठाऊक होतं. घोटाळा नव्हताच.

सासूबाईंनी माझा दंड हलवला. "काय म्हणती गं? तिला इचार की, मी दिलेली चप्पल चावली तर न्हाय पायाला?"

पडद्यावरची बाई माझ्याकडं बघत होती. मला सासूबाईंचा तो प्रश्न इंग्रजीत विचारताच आला नाही.